आधी वही, मग सेन्सर: जुन्या मशीनवर ‘स्मार्ट’ यंत्रणा बसवण्याचा क्रम

मरोळ, साकीनाका, भांडुप, वसई किंवा रबाळ्याच्या गाळ्यांत एक प्रकार सारखा दिसतो. भिंतीवर मोठा टीव्ही लागतो, मशीनवर सेन्सर चढतात, पहिला महिना सगळे कौतुकाने आकडे बघतात. तिसऱ्या महिन्यात ‘हे आकडे खरे नाहीत’ अशी कुजबुज सुरू होते आणि सहाव्या महिन्यात स्क्रीन बंद पडलेला असतो. बहुतेक वेळा सामान चांगलंच असतं. चुकतो तो क्रम: स्क्रीन आधी येतो, ऑपरेटरला शेवटी सांगितलं जातं आणि ‘मशीन बंद’ म्हणजे नेमकं काय, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

हा लेख पाच ते पंचवीस मशीनच्या कारखान्यासाठी आहे. दोन-चार सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी मशीन), एखादं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन), बाकी साधे लेथ, ड्रिल, पॉवर प्रेस किंवा मोल्डिंग मशीन असा कारखाना डोळ्यांसमोर धरा. पहिल्या मशीनला वहीपासून भरवशाच्या आकड्यांपर्यंत दोन ते अडीच महिने लागतात. घाई केली तर पायऱ्या गाळल्या जातात, आणि गाळलेली पायरी पुढे भोवते.

टप्पा १: एकच मशीन निवडा आणि दोन आठवडे वही चालवा

सर्वांत नवं मशीन निवडू नका. ज्या मशीनपुढे माल साचतो आणि ज्याच्यामुळे पुढच्या मशीनवरचा माणूस हात बांधून उभा राहतो, ते निवडा. तिथे वाचलेलं एक मिनिट थेट चलानावर दिसतं. बाकी ठिकाणी वाचलेलं मिनिट दुसऱ्या रांगेत उभं राहतं.

त्या मशीनला क्लिपबोर्ड टांगा, पेन दोरीने बांधा आणि जवळ भिंतीवर एक घड्याळ लावा. पानावर चारच रकाने: किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं, कारण, चालू जॉबचा नंबर. सहीचा रकाना नको. सही आली की माणूस जपून लिहितो. पाच मिनिटांपेक्षा मोठा प्रत्येक खोळंबा, दोन्ही पाळ्या, कामाचे बारा दिवस.

कारण ऑपरेटरच्याच शब्दांत येऊ द्या. ‘इन्सर्ट गेला’ (टूलचं बदलायचं पातं), ‘क्यूसीची वाट’ (गुणवत्ता तपासणीची), ‘माल आला नाही’ असं लिहिलेलं सुधारू नका. पुढच्या टप्प्यात हेच शब्द उपयोगी पडतात.

*तपासणी:* वहीतले खोळंबे १०, १५, ३० मिनिटांचेच दिसले, तर वही सुपरवायझरने संध्याकाळी आठवून भरलेली आहे. घड्याळात बघून लिहिलेल्या वहीत १०:३७ ते १०:५१ अशा नोंदी असतात. तसं नसेल तर बारा दिवस पुन्हा मोजा.

टप्पा २: शब्दांचे अर्थ आणि गणित कागदावर ठरवा

चार स्थिती लिहून काढा: उत्पादनात, रिकामं फिरतंय, सेटिंग, बंद. स्पिंडल फिरतोय पण टूल जॉबला लागलेलं नाही, ते ‘रिकामं’. पहिला नग क्यूसीकडून पास होईपर्यंतचा वेळ ‘सेटिंग’. हे आधी ठरवलं नाही तर पुढे प्रत्येक बैठक याच वादात जाते.

कारणांची यादी आठपेक्षा मोठी नको. वहीतून साधारण अशी निघते: सेटिंग, माल नाही, टूल किंवा इन्सर्ट, मशीन बिघाड, क्यूसीची वाट, ड्रॉइंग किंवा प्रोग्राम, वीज, माणूस दुसऱ्या मशीनवर. शेवटचं कारण ‘ऑपरेटर नाही’ असं लिहू नका. त्यात आरोप ऐकू येतो आणि मग ते कारण कुणीच निवडत नाही, जरी एकाच माणसाला तीन मशीन दिलेली असली तरी. यादी मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत छापा. मुंबईच्या शॉप फ्लोअरवर कोकणातला ऑपरेटर आणि जौनपूरचा ऑपरेटर एकाच पाळीत असतात.

आता ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता. उपलब्धता, गती आणि गुणवत्ता या तीन टक्क्यांचा गुणाकार. एक पाळी घ्या:

- पाळी ५१० मिनिटं. जेवण आणि चहाची ५० वजा केली की नियोजित वेळ ४६०.
- खोळंबे ९२ मिनिटं, म्हणजे मशीन चाललं ३६८. उपलब्धता ३६८ भागिले ४६०, म्हणजे ८० टक्के.
- एका नगाला २ मिनिटं, तर ३६८ मिनिटांत १८४ नग व्हायला हवेत. झाले १६१. गती ८७.५ टक्के.
- १६१ पैकी पहिल्याच फेरीत पास झाले १५४. गुणवत्ता ९५.७ टक्के.
- गुणाकार सुमारे ६७ टक्के.

*तपासणी:* चांगले नग गुणिले सायकल टाइम, भागिले नियोजित वेळ. १५४ गुणिले २, म्हणजे ३०८. भागिले ४६०, पुन्हा ६७ टक्के. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी वेळ दोनदा मोजली आहे किंवा सुटली आहे.

सगळ्यांत जास्त चुकतो तो सायकल टाइम. कोटेशनमध्ये लिहिलेला आकडा वापरू नका, त्यात भावाची घासाघीस मिसळलेली असते. स्टॉपवॉच घेऊन लागोपाठ दहा नग मोजा, दार बंद ते पुढचं दार बंद, म्हणजे लोडिंगसकट. नेहमीच्या हाताने पुन्हा पुन्हा साधता येणारी सर्वांत चांगली वेळ धरा. गती १०० टक्क्यांच्या वर दिसली तर ऑपरेटर जादूगार नाही, तुमचा सायकल टाइम ढिला आहे. आणि रिवर्क (दुरुस्ती) करून पास झालेला नग ‘चांगल्या’त मोजू नका.

टप्पा ३: वीज, जागा आणि नेटवर्क तयार करा

सेन्सर मागवण्याआधी परवानाधारक वायरमनकडून पॅनलचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या गाळ्यांत अर्थिंगची तार असते पण पट्टीवरचा बोल्ट गंजलेला असतो. सेन्सर आणि गेटवे (सेन्सरची माहिती नेटवर्कवर पाठवणारा डबा) यांच्यासाठी २४ व्होल्टचा वेगळा एसएमपीएस (स्थिर डीसी वीज देणारा सप्लाय) घ्या. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सप्लायवर ते टांगले की प्रत्येक ‘खट्’ला काउंट वाढतो.

मुंबईच्या पावसाळ्याचा विचार बॉक्स निवडतानाच करा. आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारा) बॉक्स, केबल ग्लँड खालच्या बाजूला, आणि केबल बॉक्समध्ये शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर वळवलेली, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, आत जात नाही. वरून भोक पाडलेला बॉक्स जुलैपर्यंत टिकत नाही.

सिग्नलची केबल मोटर किंवा ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) केबलपासून ३०० मिमी लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. एकाच टायने दोन्ही केबल आवळणं ही नेहमीची चूक आहे. टापटीप दिसते, पण ड्राइव्ह सुरू झाला की आकडे नाचायला लागतात.

वायफाय तपासताना पॅनलचं दार बंद करा, सगळी मशीनं चालू ठेवा आणि फोन पॅनलला टेकवून सिग्नल बघा. उणे ७० डीबीएमपेक्षा (सिग्नलच्या ताकदीचं माप) कमजोर, म्हणजे उणे ८० वगैरे, असेल तर राउटर हलवा किंवा केबल टाका. स्वस्त मॉड्यूल बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, हे राउटर लावणाऱ्याला आधीच सांगा. राउटर आणि गेटवे दोन्ही यूपीएसवर हवेत.

सावध: पॅनल उघडण्याआधी मुख्य आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, नावाची पाटी, आणि मग मल्टिमीटरने तिन्ही फेज तपासून खात्री. ड्राइव्ह असेल तर त्यातले कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले असतात. त्याच्या अंगावर छापलेली मिनिटं पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. वॉरंटीतल्या सीएनसीचं पॅनल कंपनीला लेखी कळवल्याशिवाय उघडू नका.

टप्पा ४: मशीनप्रमाणे सिग्नल निवडा

एकच सेन्सर सगळ्या मशीनना लावायचा मोह होतो. तो टाळा.

*साधा लेथ, ड्रिल, मिलिंग:* मोटरच्या वायरवर उघडझाप होणारा करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी. तो एकाच फेजभोवती बसवायचा. तिन्ही वायरी जबड्यात घेतल्या तर त्यांची बेरीज शून्याजवळ जाते आणि मशीन दिवसभर ‘बंद’ दिसतं. जबड्याचे दोन्ही घासलेले चेहरे कोरड्या कपड्याने पुसा. तेलाचा किंवा किसाचा एक कण अडकला तरी फट राहते आणि आकडा कमी येतो. बंद करताना ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला सुमारे ७ अँपिअर घेते. तिथे १०० अँपिअरचा सीटी लावणं म्हणजे सोन्याचा काटा सोडून धान्याच्या वजनकाट्यावर तोळा मोजणं. २० किंवा ३० अँपिअरचा घ्या.

मग तीन वाचनं घ्या: मशीन बंद, रिकामं फिरताना, कापताना. समजा ०, ३.१ आणि ४.८ आली, तर ‘उत्पादना’ची सीमा ३.९ च्या आसपास ठेवा. हलक्या फिनिशिंग कटला मात्र ३.१ आणि ३.२ एवढाच फरक मिळेल, कारण कमी लोडवर इंडक्शन मोटरचा बराचसा करंट चुंबकत्व टिकवण्यातच जातो. अशा मशीनला अँपिअर मोजून उपयोग नाही. किलोवॅट दाखवणारा मॉडबस (मीटरने कॉम्प्युटरला माहिती देण्याची ठरलेली भाषा) एनर्जी मीटर लावा किंवा नग मोजायला वेगळा सेन्सर द्या.

सावध: ज्या सीटीचा आउटपुट करंटच्या रूपात असतो, त्याची दोन टोकं चालू वायरवर उघडी ठेवू नका. तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होतं. आधी टोकं जोडा, मग जबडा बंद करा.

*पॉवर प्रेस:* क्रँक किंवा रॅमवर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आला की सिग्नल देणारा. फ्लश प्रकारच्या एम१२ ची (१२ मिमी व्यासाचा, चेहरा सपाट बसणारा) नेहमीची पल्ला-मर्यादा २ मिमी असते. प्रत्यक्षात १ ते १.५ मिमी अंतर ठेवा. ही मर्यादा लोखंडासाठीची आहे. समोर ॲल्युमिनियम असेल तर ती निम्म्याहून खाली येते, म्हणून लोखंडी पट्टी लावून तीच सेन्सरसमोरून फिरवा. सेन्सरचा चेहरा वर तोंड करून बसवला तर त्यावर कीस साचतो आणि तो कायम ‘चालू’ दाखवतो. आडवा किंवा खाली तोंड करून बसवा. आणि लक्षात ठेवा, स्ट्रोक म्हणजे नग नव्हे. रिकामा मारलेला स्ट्रोकही मोजला जातो.

सावध: दोन हातांची बटणं, लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), गार्डचा स्विच आणि क्लचचं सर्किट यांतून सिग्नल घ्यायचा नाही, ‘फक्त समांतर वायर आहे’ असं कुणी म्हटलं तरी नाही. इथे एका आकड्यासाठी बोटं जातात.

*सीएनसी आणि व्हीएमसी:* टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्याचे २४ व्होल्ट ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) किंवा छोट्या रिलेमधून घ्या. मायक्रोकंट्रोलरची पिन बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्टची असते. २४ थेट दिले की बोर्ड तिथेच संपतो. फानुक कंपनीच्या कंट्रोलरला इथरनेट पोर्ट असेल तर फोकसमधून (त्यांची माहिती काढण्याची सॉफ्टवेअर सोय) पार्ट काउंट आणि अलार्म मिळू शकतो. तो पर्याय तुमच्या कंट्रोलरवर चालू आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. एम३० (प्रोग्राम संपल्याचा कोड) वर वाढणारा काउंट ड्राय रनलाही, म्हणजे जॉबशिवायच्या फेरीलाही, वाढतो.

*इंजेक्शन मोल्डिंग:* इजेक्टरच्या (साच्यातून नग बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) रिलेचा मोकळा कॉन्टॅक्ट. शॉट गुणिले कॅव्हिटी (साच्यातले नगाचे खण) म्हणजे नग. आठपैकी दोन कॅव्हिटी बंद केल्या असतील तर ते यंत्रणेत त्याच पाळीत बदललं पाहिजे. हे विसरलं की आठवडाभर पंचवीस टक्के माल हवेत दिसतो.

तीन वायरींच्या सेन्सरमध्ये तपकिरी म्हणजे २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी सिग्नल. पीएनपी (सिग्नलला २४ व्होल्ट देणारा) आणि एनपीएन (सिग्नल शून्याला जोडणारा) यांतला एकच प्रकार सगळ्या कारखान्यात ठेवा, नाहीतर रात्रीच्या पाळीत बदलायला ठेवलेला सेन्सर चालणार नाही.

एनर्जी मीटर अनेक असतील तर आरएस-४८५ ची (मीटर एकमेकांना जोडण्याची, ए आणि बी अशा दोन वायरींची पद्धत) वायर एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी सरळ रांगेत न्या. मधूनच फाटे फोडू नका. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, शील्डला एकाच टोकाला अर्थ, प्रत्येक मीटरला वेगळा पत्ता, सगळ्यांचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) एक. सगळं बरोबर असूनही मीटर गप्प असेल तर ए आणि बी वायरी अदलाबदल करून बघा. सगळे उत्पादक ही अक्षरं एकाच अर्थाने छापत नाहीत.

टप्पा ५: प्रशिक्षण, पाळीच्या वेळेत आणि मशीनजवळ

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो. रविवारी बोलावून दोन तासांची सादरीकरणं दाखवणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. विरार किंवा बदलापूरहून आठवडाभर लोकल धरून येणाऱ्या माणसाच्या सुट्टीवर आपली यंत्रणा शिकवू नका.

पहिल्या दिवशी ऑपरेटरच्या मनात एकच प्रश्न असतो: यावरून माझा पगार कापणार का? त्याचं उत्तर मालकाने स्वतः, सर्वांसमोर आणि लेखी द्यावं. हे आकडे हजेरी, दंड किंवा वैयक्तिक तुलनेसाठी वापरले जाणार नाहीत, असं. युनियन असेल तर त्यांच्याशी आधी बोलावं. हे उत्तर खरं नसेल तर यंत्रणा बसवूच नये. घाबरलेला माणूस चुकीचं कारण दाबतो आणि मग लाखभर रुपयांचं सामान खोटी वही भरत बसतं.

*ऑपरेटर:* ४५ मिनिटांचे चार वर्ग, चार वेगळ्या दिवशी. पहिल्यात चार स्थिती, दुसऱ्यात कारण नोंदवणं, तिसऱ्यात स्वतःच्या मशीनचा कालचा आलेख वाचणं, चौथ्यात सराव. सरावात शिकवणारा मशीनवरचे दहा प्रसंग समोर घडवतो: इन्सर्ट बदलायला थांबलो, क्यूसी जेवायला गेला, एक फेज गेली. दहापैकी आठ नोंदी बरोबर आल्या की तो माणूस तयार.

नोंदीला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. कूलंटने ओल्या हाताला टचस्क्रीन नीट दाद देत नाही. आठ मोठी पुश बटणं किंवा आठ जागांचा रोटरी स्विच पुष्कळ बरा. तीन मिनिटांखालच्या थांब्याचं कारण विचारूच नका, आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावरही कारण भरता आलं पाहिजे. आधी फॉर्म, मग मशीन, असं केलं की हाताला येईल ते बटण दाबलं जातं.

*सुपरवायझर आणि सेटर:* एक पूर्ण दिवस. ओईईचं गणित हाताने, कॅल्क्युलेटरवर, टप्पा १ मधल्या स्वतःच्याच वहीवरून.

*देखभाल:* एक वायरमन आणि त्याच्या जोडीला दुसरा. दोघंही. एकटाच शिकलेला माणूस गणपतीला गावी गेला की यंत्रणाही रजेवर जाते. सेन्सर बदलणं, सीमा पुन्हा ठरवणं, मीटरचा पत्ता बदलणं आणि बॅकअप परत चढवणं या गोष्टी त्यांनी सामान पुरवणाऱ्याच्या मदतीशिवाय करून दाखवायच्या.

नवी माणसं हवी असतील तर कुर्ला, मुलुंडचे आयटीआय आणि चुनाभट्टीची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था इथून शिकाऊ उमेदवार मिळतात. मोजमाप उपकरणांच्या कॅलिब्रेशनसाठी चुनाभट्टीलाच आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेवर २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहेच. मग त्यांतला एक या कामाला पहिल्या दिवसापासून जोडा.

टप्पा ६: पंधरा दिवस वही आणि यंत्रणा सोबत चालवा

वही लगेच बंद करू नका. रोज दोन गोष्टी ताडून बघा: यंत्रणेचा नगांचा आकडा आणि क्यूसीची मोजणी, यांत दोन टक्क्यांहून जास्त फरक नको; आणि पाच मिनिटांपेक्षा मोठ्या खोळंब्यांची बेरीज, यात पाळीमागे पाच मिनिटांहून जास्त फरक नको.

यंत्रणा जास्त नग दाखवत असेल तर सिग्नल थरथरतोय. सायकल टाइमच्या निम्म्या वेळेपर्यंत दुसरा काउंट घेऊ नये, अशी सेटिंग करा. कमी दाखवत असेल तर नेट गेल्यावर गेटवे माहिती साठवतोय का बघा.

वेळेची चूक हमखास होते. बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत नोंद ठेवतात आणि आपण साडेपाच तास पुढे. सकाळी ७ ची पाळी अहवालात मध्यरात्री दीडला सुरू झालेली दिसते आणि रात्रपाळीचे पहाटे साडेपाचला दोन तुकडे पडतात. अहवालातला पहिला थांबा भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा. रात्रपाळी कोणत्या तारखेत धरायची, तेही लिहून ठेवा.

*तपासणी:* यादीतल्या कोणत्याच कारणात न बसलेल्या थांब्यांत दहा टक्क्यांहून जास्त मिनिटं गेली, तर यादीत एखादं खरं कारण राहून गेलंय. ते कोणतं, हे ऑपरेटरला विचारा.

टप्पा ७: रोज दहा मिनिटं, मशीनजवळ उभं राहून

पाळी बदलताना ऑपरेटर, सुपरवायझर, देखभालीचा माणूस. तीनच गोष्टी: काल चांगले नग किती, सर्वांत मोठा खोळंबा कोणता, त्यावर आज कोण काय करणार. फळ्यावर हाताने लिहा, नावासकट.

बहुतेक मशीनशॉपमध्ये पहिला मोठा खोळंबा सेटिंगचा निघतो. सेटिंगची कामं दोन भागांत लिहा: मशीन थांबल्याशिवाय न होणारी, आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारी. पुढच्या जॉबचे इन्सर्ट काढून ठेवणं, टूल होल्डरमध्ये बसवून लांबी मोजणं, गेज शोधणं, ड्रॉइंग आणणं ही सगळी दुसऱ्या भागातली आहेत. बऱ्याच ठिकाणी मशीन थांबल्यावर माणूस ॲलन की शोधायला निघतो. एका ट्रॉलीवर पुढचा जॉब आधीच मांडलेला असेल तर हा शोध संपतो.

ऑपरेटरने सलग दोन आठवडे ‘माल नाही’ दाबलं आणि स्टोअरमध्ये काहीच बदललं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात तो बटण दाबणं सोडतो. त्याचं बरोबरच आहे. म्हणून एका वेळी एकच कारण घ्या, पण ते तडीला न्या.

टप्पा ८: दुसऱ्या मशीनकडे जाण्याआधी

मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या कॉम्प्युटरपासून वेगळं ठेवा. गेटवे आणि राउटरचे कंपनीने दिलेले पासवर्ड बदला आणि नवे मालकाकडे लिहून ठेवा, विक्रेत्याच्या फोनमध्ये नकोत. सीएनसीचे प्रोग्राम आणि पॅरामीटर यांची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा. करारात दोन ओळी हव्यातच: सगळी माहिती आमच्या मालकीची, आणि ती केव्हाही एक्सेल उघडू शकेल अशा फाइलमध्ये काढून घेता येईल.

उद्यम नोंदणी असेल तर झेड (‘झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट’ ही सरकारी योजना) प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे. टप्पा १ ते ७ मधल्या वह्या आणि फळ्याचे फोटो जपून ठेवा, तिथल्या मूल्यांकनात कामी येतात.

शेवटची चाचणी अशी. पाळी चालू असताना राउटरची पिन अर्धा तास काढा. अर्ध्या तासाने परत लावा आणि त्या वेळेतले नग व खोळंबे स्क्रीनवर आपोआप भरून येतात का बघा. मग देखभालीच्या दुसऱ्या माणसाला एक सेन्सर काढून नवा बसवायला सांगा, पहिला माणूस गाळ्यात नसताना. दोन्ही जमलं की दुसऱ्या मशीनला वही टांगा.